पाट फुटल्यावर

दादाच्या मोबाइलचा गजर दर वीस मिनिटांनी वाजतो. तो वाजला की बोलणं कितीही रंगात आलेलं असो, दादा खुर्चीला ब्रेक लावतो, ओटीच्या कठड्यावर कोपर टेकून एका बाजूला झुकतो, थोडा वेळ तसाच थांबतो आणि मग दुसऱ्या बाजूला झुकतो. अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात आंबे काढायची घळ घेऊन तो कलमावर चढला आणि फांदीसकट खाली आला. छातीचा दहावा मणका मोडला. बेंबीच्या वर सगळं जागच्या जागी आहे, बेंबीच्या खाली त्याला काही कळत नाही. आपण खुर्चीत बसल्या बसल्या नकळत चुळबुळ करतो, कारण बूड दुखायला लागतं. दादाला ते दुखणंच पोचत नाही, म्हणून ते काम गजर करतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटबरोबर रोज असते. या मे महिन्यात घरी गेले तेव्हा ओटीवर आम्हा बहीणभावांचा एक वाद दुपारपासून रात्रीपर्यंत चालला. तो लिहून ठेवावासा वाटतो, कारण त्यात मी जे मानत होते ते सगळंच टिकलं नाही.

निमित्त झालं दादाच्या फायलीचं. जाडजूड, दोरीने बांधलेली. मज्जारज्जूवरच्या संशोधनाची कात्रणं, नेटवरून काढलेले पेपर, भाच्याकडून प्रिंट मारून घेतलेली पानं.

"दादा, हे आता बंद कर," मी म्हटलं.

"का गं?"

"कारण या आशेपायी माणसं पडून राहतात, ते मी रोज बघते. गेल्या वर्षी एक मुलगा आला. दीड वर्ष पलंगावर होता. वडिलांनी ठरवलेलं, उपाय निघेल तेव्हा निघेल, तोवर घरात व्हीलचेअर आणायची नाही. खुर्ची आणली म्हणजे हरलो. तो आला तेव्हा माकडहाडावर मूठ जाईल एवढा बेडसोर होता. गुडघे आखडलेले. उद्या उपाय निघाला तरी त्या गुडघ्यांवर तो उभा कसा राहील?"

दादा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्या पोराच्या जखमेला संशोधन जबाबदार नाही. त्याला कूस बदलायला कुणी शिकवलं नाही, ते जबाबदार आहे. आणि तुमच्या शास्त्रातला तो शब्द, 'स्वीकार', त्याची मला भीती वाटते. मला पहिल्या महिन्यातच येऊन सांगितलं होतं, स्वीकारा. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक पोथी सापडली आहे, एडविन स्मिथ पपायरस म्हणतात तिला. मानेचा मणका सरकलेल्या माणसाचं वर्णन आहे तिच्यात. हातपाय कळत नाहीत, लघवी नकळत गळते, सगळं आहे. आणि वैद्याला सांगितलंय की हा रोगी हाती घेऊ नकोस. तोही स्वीकारच होता. पहिल्या महायुद्धातही तेच चालू होतं. कंबर मोडलेला सैनिक बेडसोरने नाहीतर किडनीच्या संसर्गाने जायचाच, असं डॉक्टर धरून चालायचे. गुटमनने ते स्वीकारलं असतं तर?"

लुडविग गुटमन हा माझा माणूस, आणि दादाने तो माझ्याच विरुद्ध उभा केला. नाझींच्या जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला निसटलेला हा ज्यू मेंदूतज्ज्ञ. १ फेब्रुवारी १९४४ ला स्टोक मँडव्हिलमध्ये त्याचा वॉर्ड सुरू झाला.

"गुटमनने कुणाचा मज्जारज्जू जोडला नाही, दादा. दर दोन तासांनी कूस बदलली. रात्रीसुद्धा. मूत्राशय रिकामं ठेवलं. हातांत बळ आणलं, काम शिकवलं. २९ जुलै १९४८ ला, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्याने रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जणांच्या हातात धनुष्यबाण दिले. पॅरालिंपिकचं मूळ तिथं आहे. १९७२ मध्ये हायडेलबर्गला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, ते त्याच वाटेने. चालायला लागून नव्हे."

"पेटकर येणार हे मला ठाऊक होतं," दादा म्हणाला. "त्यांच्याबद्दल मला किती वाटतं ते तुला माहीत आहे. पण पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, आणि मागे लष्कराची रुग्णालयं उभी राहिली. जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे, १९७४ पासून. कलमावरून पडलेल्यासाठी काय आहे? मला तर घरी कसं आणलं ते तुला..."

तो थांबला, कारण मला आठवतंय हे त्याला माहीत होतं. चौघांनी गोधडीत घालून उचललं. मी सुट्टीला घरी होते, पहिल्या वर्षाला. पाय मी धरले होते. गोधडी मध्ये झोळीसारखी वाकली होती आणि दादा विचारत होता, "माझे पाय कुठं आहेत?" मी म्हटलं, माझ्या हातात आहेत. पुढे कॉलेजात शिकवलं की मणका मोडल्याचा संशय असेल तर माणसाला कडक फळीवर, मान-पाठ सरळ ठेवून, ओंडक्यासारखं एकाच वेळी वळवून घ्यायचं. आमच्या घरी मागच्या दाराची फळी होती. आता आमच्या वाडीत कुणी पडलं तर फळी काढायची हे सगळ्यांना माहीत आहे. दादानेच सांगितलंय, घरोघरी फिरून.

गजर वाजला. दादा डाव्या बाजूला झुकला आणि तसाच झुकून बोलत राहिला.

"तुला वाटतं मी चमत्काराची वाट बघतोय. तसं नाही. मी बागायतदार आहे, मला ते पाटासारखं दिसतं. वरून पाणी येतंय, मध्ये पाट फुटलाय. पण खालची आळी शाबूत आहेत. पाय हलवायची, पाऊल टाकायची जुळणी मज्जारज्जूच्या खालच्या भागातच असते ना?"

"असते." हे खरं आहे. कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूत मज्जापेशींची जाळी असतात, पावलांमागून पावलं टाकण्याचा ठेका तीच सांभाळतात. इजा वर झाली तर ती मरत नाहीत, नुसती गप्प होतात.

"मग स्वित्झर्लंडमधले ते लोझानचे संशोधक काय करतात? कूर्तीन आणि ती सर्जन, ब्लॉक. खालच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोडची पट्टी बसवतात आणि बारीक वीज सोडतात. वीज पाय उचलत नाही, ती आळी ओली ठेवते. जमीन ओली असली की फुटक्या पाटातून झिरपणारं थेंबभर पाणीसुद्धा मुळापर्यंत पोचतं. म्हणून तर ज्यांचा मज्जारज्जू पूर्ण तुटलाय असं कागदावर लिहिलेलं असतं त्यांच्यातलेही काही जण वीज चालू असताना स्वतःच्या इच्छेने पाय हलवू शकले. २०२२ मध्ये तिघांनी पट्ट्यांचा आधार घेऊन एका दिवसात पावलं टाकली. २०२३ मध्ये एका डच माणसाच्या मेंदूवरचे संकेत थेट पाठीतल्या यंत्राला जोडले. तो कुबड्या घेऊन चालतो, आणि यंत्र बंद केल्यावरही थोडी सुधारणा टिकली."

एवढं नेमकं तर माझे विद्यार्थीही सांगत नाहीत. तरीही मी सोडलं नाही.

"ती दोन-चार माणसं आहेत, दादा. त्यांच्या मागे महिनोन्‌महिने राबणारी पंधरा-वीस माणसांची टीम आहे. आणि या क्षेत्रात गाजलेल्या गोष्टी कशा कोसळतात ते मी पाहिलंय. १९९० मध्ये मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा डोस आला. आठ तासांच्या आत दिला तर फायदा होतो म्हणे. जगभर दिला गेला. मग आकडेवारी उकलून पाहिल्यावर फायदा पुसट झाला आणि संसर्ग, पोटातला रक्तस्राव ठळक झाले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांनी सांगितलं, देऊ नका. झुरिकच्या श्वाब यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मज्जातंतूंच्या वेष्टणातच त्यांची वाढ रोखणारी द्रव्यं असतात. किती सुंदर शोध! त्यावरच्या औषधाची माणसांवरची चाचणी २०२४ अखेर प्रसिद्ध झाली. एकूण गटाला फायदा दिसला नाही. पस्तीसेक वर्षं!"

"अर्धवट इजा झालेल्यांमध्ये थोडा दिसला."

"थोडा."

"तुम्ही लोक पेशंटचा एक अंगठा हलला तर पेढे वाटता," दादा म्हणाला, "आणि संशोधनाकडे मात्र सगळं एकदम मागता."

याला मी उत्तर दिलं नाही. मी दुसरंच बोलले, जे बोलायला नको होतं. "आणि स्टेम सेल? बाबांनी खालचा तुकडा विकला तो कशासाठी?"

ओटीवर शांतता झाली. वहिनी चहा घेऊन आली होती, ती कप ठेवून तशीच उभी राहिली. दादा पडल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्याला चार इंजेक्शनं दिली. प्रत्येक खेपेला पैसे आधी. फरक पडला नाही. पडेल असं लेखी कुणी दिलं नव्हतं, तोंडी मात्र पुष्कळ सांगितलं होतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. काही रक्ताचे आणि तत्सम आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी सगळं परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचं. खऱ्या चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत, ही एक खूण आमच्या लोकांना कुणी सांगितली असती तर आमचा जमिनीचा तुकडा राहिला असता.

"ती लूट होती," दादा शांतपणे म्हणाला. "संशोधनाचं नाव घेऊन केलेली. पण त्यासाठी मी जपानच्या केओ विद्यापीठावर का रागावू? त्यांनी चारच माणसं घेतली, इजा होऊन दोन ते चार आठवडे झालेली. वीस-वीस लाख पेशी घातल्या. २०२५ मध्ये सांगितलं, दोघांना फायदा झाला, त्यातला एक उभा राहतो, दोघांना नाही. नाही हेसुद्धा सांगितलं. मला लुबाडणाऱ्यांनी 'नाही' हा शब्द कधी उच्चारला नव्हता. माझ्यासारख्या जुन्या दुखण्याला ते लागू नाही हे मला कळतं. पण पुढं जो पडेल त्याच्यासाठी मी ते वाचतो."

दुपार कलल्यावर त्याची कॅथेटरची वेळ झाली. तो खोलीत गेला. साबणाने हात धुणं, डब्यातली नळी, स्टीलचं भांडं, सगळं त्याचं तो करतो. दार लोटलेलं होतं. मी ओटीवर बसून फाइल उघडली.

दादा महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनाने रेघ मारतो, शाळेपासूनची सवय. मी पानं उलटत गेले. लुइव्हिलच्या सुझन हार्केमा यांच्या गटाचा २०११ चा पेपर होता. पाठीत इलेक्ट्रोड बसवलेला तरुण स्वतःच्या पायांवर उभा राहिला, तो. जगभर उभं राहिल्याचीच बातमी झाली. मीही तेवढंच वाचलं होतं. दादाची लाल रेघ उभं राहण्याखाली नव्हती. ती खाली कोपऱ्यात होती, जिथं लिहिलं होतं की मूत्राशयावरचा ताबा थोडा सुधारला. पुढचा पेपर रक्तदाबाचा. त्याच्या पुढचा आतड्यांचा. सगळीकडे रेघा तिथंच. 'चालणे' या शब्दाखाली मला एकही सापडली नाही.

तो बाहेर आला तेव्हा फाइल माझ्या मांडीवर होती.

"अकरा वर्षं," मी म्हटलं, "मला वाटत होतं तू चालायची वाट बघतोयस."

"पहिली तीन वर्षं बघत होतो. मग नाही. खुर्ची वेगात पळते. मला काय हवंय सांगू? रत्नागिरीला एसटीने जाऊन लग्नाला बसायचंय आणि तिथं मोरी कुठं आहे हे आधी फोन करून विचारायचं नाहीये. लघवी कपड्यात होईल ही भीती नको आहे. एवढंच. याला तू खोटी आशा म्हणशील?"

मग मी त्याला २००४ च्या एका पाहणीबद्दल सांगितलं. किम अँडरसन या संशोधिकेची. तिला स्वतःला मानेजवळ इजा आहे. तिने ६८१ जणांना विचारलं, काय परत मिळालं तर तुमचं आयुष्य सगळ्यात जास्त बदलेल? मानेच्या पेशंटनी सगळ्यात जास्त वेळा हात मागितले. मूत्राशय आणि आतडी मानेच्या आणि कमरेखालच्या अशा दोन्ही गटांच्या यादीत वरती होती. आणि कमरेखालच्यांनी जे पहिलं मागितलं तेही मी सांगितलं, बहीण म्हणून नव्हे, या कामातली म्हणून. वहिनी कपबशा उचलायला आली होती. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही, खाली बघितलं. थोड्या वेळाने म्हणाला, "निदान कुणीतरी विचारलं." वहिनी आत गेली नाही. तिथंच दाराला टेकून बसली.

मला वाटतं, चूक इथं आहे. संशोधनाची नव्हे, आशेचीही नव्हे. प्रश्न चालणारी माणसं ठरवतात आणि चालणाऱ्याला पहिला प्रश्न चालण्याचाच सुचतो. मीही त्यातलीच. संशोधन म्हणजे चालवणं आणि माझं काम म्हणजे सांभाळणं, अशी मी वाटणी करून ठेवली होती. पण दादा आत्ता आत जाऊन जे करून आला तेही संशोधनच आहे. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी सांगितलं, नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली तरी पुरे, पण वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं करा, कारण संसर्ग वाढतो तो तुंबलेल्या लघवीने. त्या काळी ते ऐकायला डॉक्टर तयार नव्हते. त्या एका साध्या कल्पनेने किती किडन्या वाचवल्या! दादाच्या दोन्ही त्यात आहेत.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा म्हणाला, "तेच तर मी दुपारपासून सांगतोय." मग त्याने माझ्यासाठी एक पाऊल मागे घेतलं. "पण तुझं एक खरं आहे. सुपरमॅनचं काम करणारा ख्रिस्तोफर रीव्ह. १९९५ मध्ये घोड्यावरून पडला, मान मोडली. या संशोधनासाठी जगात त्याच्याइतका पैसा आणि आवाज कुणी उभा केला नाही. पाच वर्षांनी त्याचं बोट हलायला लागलं, तेव्हा सगळे डॉक्टर चकित झाले. आणि २००४ मध्ये गेला तो बेडसोरमधल्या संसर्गाच्या उपचारात. एवढा पैसा, चोवीस तास नर्स, तरी कातडीने दगा दिला."

"म्हणून मी गजराच्या बाजूची आहे."

"मीही. पण गजर लावून वाचतो."

संध्याकाळी उकाडा थोडा कमी झाला तेव्हा मी त्याच्या फायलीतलं नसलेलं एक पान त्याला दिलं. २०२४ मध्ये आलेली चाचणी. मानेजवळ इजा झालेले ६० जण. ऑपरेशन नाही, मानेच्या कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून वीज द्यायची. आधी दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने वीज आणि व्यायाम एकत्र. हाताची ताकद आणि हाताचं काम, दोन्हींत फरक पडला तो ७२ टक्क्यांना. काहींची इजा खूप जुनी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत यंत्राला मान्यता मिळाली. "पण बघ," मी म्हटलं, "वीज एकटी दिलीच नाही. समोर कुणीतरी बसून हातात पेला देत होतं, किल्ली फिरवून घेत होतं. ते काम माझं. आणि रत्नागिरी जिल्ह्यात ते काम करणारी किती माणसं आहेत? यंत्र विमानाने येईल. मी कुठून आणू?"

यावर दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, युडीआयडी कार्ड दादाच्या पाकिटात आहे, पण मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून जी पुनर्वसन संस्था आहे तिथं पोचायला त्याला आदल्या रात्री निघावं लागतं आणि गाडी करावी लागते. मणका मोडलेला माणूस घरी सोडला की त्याला कूस, नळी, खुर्ची शिकवणारं कुणीतरी तालुक्याला असलं पाहिजे. हे मी पुण्यात बसून दहा वर्षं म्हणते आहे. दादा म्हणाला, "तू इथं ये." मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, "हे तू मागच्या वर्षीही म्हणालीस."

रात्री झोपण्याआधी तो पलंगावर पालथा होतो आणि दांडीचा आरसा घेऊन स्वतःची पाठ, बूड, टाचा तपासतो. रोज. त्या दिवशी वादाच्या भरात दोन-तीन गजर आम्ही दोघांनीही तसेच जाऊ दिले होते. उजव्या बुडाच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. मी बोटाने दाबला. दाबल्यावर पांढरा पडला, सोडल्यावर पुन्हा लाल. म्हणजे रक्त अजून फिरतंय. दाबूनही लालच राहिला असता तर उद्यापासून आठवडाभर बसणं बंद झालं असतं.

"किती?" दादाने मान न वळवता विचारलं.

"पांढरा पडतोय. अर्ध्या तासाने पुन्हा बघू. तोवर कुशीवर जायचं नाही, असाच राहा."

त्याने मोबाइल उशाशी ओढून गजर लावला. वहिनीने पंखा त्याच्याकडे वळवला.

"मग तोवर ते मानेवरच्या इलेक्ट्रोडचं वाच," तो उशीत तोंड घालून म्हणाला. "मूत्राशयाबद्दल काही आहे का बघ आधी."

मी चष्मा लावला आणि पान शोधायला लागले.